आउटबॉक्समध्ये अडकलेले पत्र

काही महिन्यांपूर्वी इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर मला एक कोडे पाहायला मिळाले. पेढीच्या दिवाणजींनी कापडाच्या नमुन्यांची छायाचित्रे जोडून मुंबईच्या एका ग्राहकाला मेल पाठवला होता. संगणकावरील आउटलुक प्रोग्रॅमच्या आउटबॉक्समध्ये तो जसाच्या तसा पडून होता, म्हणजे गेलेला नव्हता. आणि मुंबईहून मात्र फोन आला की, तोच मेल पाचव्यांदा मिळाला आहे, आता कृपा करून पुन्हा पाठवू नका. त्याच आउटबॉक्समध्ये त्याच्यामागे आणखी तीन मेल थांबलेले होते आणि ते खरोखरच कोणालाही मिळालेले नव्हते. जवळच्या दुकानातील मुलाने खाते काढून टाकून नव्याने जोडायचा सल्ला दिला होता. सुदैवाने दिवाणजींनी तो अजून अमलात आणलेला नव्हता.

सुदैवाने अशासाठी, की मेल आपोआप येणे-जाणे थांबले म्हणजे खाते काढणे हा शेवटचा उपाय आहे, आणि तो अनेकदा पहिला म्हणून केला जातो. पॉप पद्धतीच्या, म्हणजे मेल आपल्या संगणकावर उतरवून घेणाऱ्या, खात्यात वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार फक्त त्या एका संगणकावरील फाइलमध्ये असू शकतो. शिवाय कोणते मेल उतरवून झाले आहेत याची यादी प्रोग्रॅम स्वतःजवळ ठेवतो. खाते काढले की ती यादी पुसली जाते आणि सर्व्हरवर, म्हणजे मेलसेवेच्या संगणकावर, शिल्लक असलेला प्रत्येक मेल दुसऱ्यांदा उतरतो. म्हणून काहीही करण्यापूर्वी त्या फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी आणि मग बिघाड नेमका कुठे आहे ते शोधावे.

शोधाची सुरुवात एका साध्या गोष्टीपासून होते. मेल पाठवणे आणि मेल घेणे ही एकाच यंत्रणेची दोन टोके नाहीत. ते दोन स्वतंत्र मार्ग आहेत. रस्त्यावरील लाल पेटीत पत्र टाकणे आणि टपाल कार्यालयातील आपल्या खणातून पत्रे काढून आणणे, या दोन कामांमध्ये जितका फरक आहे तितकाच इथेही आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला तेव्हा घरोघरी मेलचे प्रोग्रॅम नव्हतेच. पाठवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपी या नावाने लिहिले आणि आजही मेल त्याच नियमांच्या सुधारित रूपावर चालते. घेण्याचे नियम वेगळे आहेत: पॉप पद्धत मेल खाली उतरवून आपल्या संगणकावर आणते, तर मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये रचलेली आयमॅप पद्धत मेल सर्व्हरवरच ठेवून आपल्याला त्याची खिडकी उघडून देते. दोन्ही मार्गांचे सर्व्हर, दरवाजे, म्हणजे पोर्ट, आणि पुष्कळदा पासवर्डाची तपासणीही निरनिराळी असते. त्यामुळे 'मेल चालत नाही' या तक्रारीनंतरचा पहिला प्रश्न 'येत नाही की जात नाही?' हाच असायला हवा. दोन्ही बंद असतील तर इंटरनेट, पासवर्ड किंवा चुकून दाबले गेलेले 'वर्क ऑफलाइन' हे बटण पाहावे. हे बटण एकदा दाबले की प्रोग्रॅम बंद करून उघडला तरी दाबलेलेच राहू शकते, आणि खालच्या पट्टीतील बारीक अक्षरांतील सूचना सहसा कोणी वाचत नाही. एकच मार्ग बंद असेल तर दुसऱ्या मार्गाच्या सेटिंगला हात लावू नये.

आता 'आपोआप' या शब्दाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. पॉप आणि आयमॅप खात्यांसाठी हे आपोआपपण मुळात एका घड्याळावर चालते. प्रोग्रॅम ठरावीक वेळाने सर्व्हरकडे जातो, काही नवीन आहे का असे विचारतो आणि परत येतो. जुन्या धर्तीच्या आउटलुकमध्ये ही वेळ न बदलल्यास ३० मिनिटांची असते, थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये १० मिनिटांची. आउटलुकमध्ये एफ९ ही कळ दाबल्यावर मेल येत असेल आणि एरवी येत नसेल, तर मार्ग ठीक आहे आणि घड्याळ बंद आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. अशा वेळी कंट्रोल, अल्ट आणि एस या कळा एकत्र दाबून 'सेंड/रिसीव्ह ग्रुप'ची चौकट उघडावी. तिथे वेळापत्रकाची खूण निघालेली तरी आढळते किंवा नव्याने जोडलेले खाते त्या गटात सामीलच झालेले नसते.

वेळ कमी केली तर मेल लवकर मिळेल, असे वाटून पुष्कळ जण ती १ मिनिटावर आणतात. हे मला अजिबात पटत नाही. पॉपच्या नियमांनुसार एक प्रोग्रॅम टपालपेटी तपासत असताना सर्व्हर ती पेटी कुलूपबंद ठेवतो. आधीची फेरी पुरी होण्यापूर्वीच दुसरी फेरी निघाली किंवा दुसऱ्या संगणकाने त्याच वेळी दार ठोठावले, तर सर्व्हर नकार देतो आणि पडद्यावर पासवर्डाची चौकट येते. पासवर्ड बरोबर असतो. पेटी मोकळी नसते इतकेच.

आयमॅपने यावर अधिक चांगला तोडगा काढला. जून १९९७ मध्ये तिच्यात 'आयडल' नावाच्या आज्ञेची भर पडली. तिच्यामुळे प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडणी जुळवतो आणि ती न तोडता गप्प बसून राहतो. मेल आला की सर्व्हरच त्याला हाक मारतो. फोनचा रिसीव्हर कानाला लावून बसण्यासारखे हे आहे. पण इंटरनेटवर दीर्घकाळ गप्प बसणे धोक्याचे असते. घरातील किंवा कार्यालयातील राउटर हा आतील प्रत्येक संगणकाची प्रत्येक जोडणी एका कोष्टकात टिपून ठेवतो आणि कोष्टक भरून जाऊ नये म्हणून बराच वेळ शांत असलेली नोंद पुसून टाकतो. ही नोंद पुसल्याचे तो दोन्ही बाजूंपैकी कोणालाही कळवत नाही. मग सर्व्हरने हाक मारली तरी ती राउटरपाशीच विरते, आणि प्रोग्रॅम आपली जोडणी जिवंत आहे अशा समजुतीने वाट पाहत राहतो. सर्व्हरने आपल्याला निष्क्रिय समजून बाहेर काढू नये म्हणून 'आयडल'च्या नियमांत दर २९ मिनिटांच्या आत ही आज्ञा पुन्हा द्यावी असे सांगितले आहे. पण काही राउटर त्याच्या कितीतरी आधी नोंद पुसून मोकळे होतात. सकाळी मेल व्यवस्थित येत होते, दुपारी लॅपटॉप झोपेतून जागा केल्यानंतर येईनासे झाले आणि प्रोग्रॅम बंद करून उघडताच एकदम बारा मेल आले, अशी हकीगत कानावर आली की मला आधी या मेलेल्या जोडणीचीच शंका येते. उपाय सोपा आहे: सर्व्हरकडून ताबडतोब सूचना घेण्याची सोय चालू ठेवावी आणि तिच्या जोडीला पाच-दहा मिनिटांची फेरीही चालू ठेवावी. जोडण्यांच्या संख्येवरही लक्ष असावे. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देते. थंडरबर्ड एका खात्यासाठी ५ पर्यंत जोडण्या उघडू शकतो, म्हणजे एकच खाते तीन संगणकांवर चालू असेल तर कोटा तिथेच संपतो आणि चौथ्या यंत्राला नकार मिळतो.

पासवर्ड बदललेला नसतानाही तो नाकारला जातो, ही गेल्या काही वर्षांतील मोठी तक्रार आहे. तिचे कारण आपल्या संगणकात नाही. केवळ नाव आणि पासवर्ड घेऊन आत येणाऱ्या प्रोग्रॅमना गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून दार बंद करायला सुरुवात केली, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून आपल्या व्यावसायिक सेवेत हीच वाट धरली. आता प्रोग्रॅमला ओऑथ पद्धतीने यावे लागते: आपण ब्राउझरसारख्या खिडकीत सेवेच्या स्वतःच्या पानावर ओळख पटवतो आणि प्रोग्रॅमला पासवर्ड न मिळता फक्त एक परवाना मिळतो. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ही पद्धत निवडता येते. मात्र येण्यासाठी आणि जाण्यासाठी ती दोनदा, वेगवेगळ्या पानांवर निवडावी लागते, आणि दुसरी निवड राहून गेल्यामुळे 'येतात पण जात नाहीत' हा प्रकार घडतो. ज्या जुन्या प्रोग्रॅमना ही पद्धत माहीतच नाही त्यांच्यासाठी जीमेलमध्ये दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घेता येतो. सर्व्हरने ५३५ हा आकडा कळवला असेल तर ओळख पटलेली नाही हे नक्की समजावे. एरवीही या तीन अंकी उत्तरांतील पहिला अंक वाचायला शिकावे: ४ असेल तर अडचण तात्पुरती असते आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ असतो, ५ असेल तर काही बदलल्याशिवाय तोच मेल पुन्हा पाठवून उपयोग नसतो.

जुन्या संगणकांवर एक कारण असे निघते की कोणाला त्याचा संशयही येत नाही. मदरबोर्डवरील बटणाच्या आकाराचा सेल संपला की वीज गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणी करताना सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. मागे गेलेल्या घड्याळाच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, म्हणून प्रोग्रॅम ते नाकारतो. त्यामुळे प्रमाणपत्राबद्दलची सूचना दिसली की आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी.

पोर्टबद्दल थोडक्यात सांगायचे तर, पाठवण्यासाठी २५ हा क्रमांक ठेवलेला असेल तर तो बदलावा. स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या तो बंद ठेवतात, म्हणून कार्यालयातून जाणारा मेल घरच्या जोडणीवरून जात नाही. आपल्या मेलसेवेने सांगितल्याप्रमाणे ५८७ किंवा ४६५ वापरावा.

आता इचलकरंजीच्या कोड्याकडे येतो. छायाचित्रे २२ एमबीची होती. मेलची यंत्रणा मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी घडवलेली असल्यामुळे चित्र तिच्यातून जसेच्या तसे जात नाही; त्याच्या दर तीन बाइटांची चार अक्षरे करावी लागतात आणि त्यामुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो. म्हणजे २२ एमबीचे जवळजवळ ३० एमबी झाले. पेढीच्या जोडणीचा वर पाठवण्याचा वेग सेकंदाला जेमतेम १ मेगाबिट होता, तेव्हा हा मेल जायला चार मिनिटे लागणार हे उघड होते. पण मध्ये एक अँटिव्हायरस बसला होता. तो बाहेर जाणारा प्रत्येक मेल आधी स्वतःकडे घेत असे. आउटलुकने सगळा मजकूर त्याच्या हाती काही सेकंदांत दिला आणि 'मिळाला' या उत्तराची, म्हणजे २५० या आकड्याची, वाट पाहायला सुरुवात केली. ते उत्तर खऱ्या सर्व्हरकडून यायला चार मिनिटे लागणार होती आणि आउटलुक न बदलल्यास फक्त १ मिनिट थांबतो. मिनिट संपले, आउटलुकने जोडणी तोडली आणि मेल गेला नाही असे ठरवून तो आउटबॉक्समध्येच ठेवला. अँटिव्हायरसने मात्र हातातले काम पुरे केले आणि मेल मुंबईला पोचला. अर्ध्या तासाने वेळापत्रकाची पुढची फेरी आली आणि हेच सारे पुन्हा घडले. एसएमटीपीच्या २००८ च्या नियमांत या शेवटच्या उत्तरासाठी १० मिनिटे थांबावे असे सांगितले आहे, ते नेमके अशाच दुहेरी मेलच्या भीतीने.

मागच्या तीन मेलचे कारण आणखी साधे होते. आउटबॉक्समध्ये जाण्यासाठी तयार असलेल्या मेलची ओळ आउटलुक तिरक्या अक्षरांत दाखवतो. तो मेल तिथेच उघडून नुसता बंद केला, तर अक्षरे सरळ होतात आणि प्रोग्रॅम त्याला अर्धवट मसुदा समजून पाठवायचा थांबतो. हे तिन्ही मेल गेले का, हे पाहण्यासाठी दिवाणजी दर थोड्या वेळाने ते उघडून बघत होते.

आम्ही 'वर्क ऑफलाइन' दाबले, जेणेकरून काम करताना कोणताही मेल निघून जाऊ नये. मोठा मेल मुंबईला पोचलेलाच होता, म्हणून तो आउटबॉक्समधून काढून ड्राफ्ट्समध्ये ठेवला. खात्याच्या सेटिंगमधील थांबण्याची वेळ १ मिनिटावरून सरकवून १० मिनिटांवर नेली. अँटिव्हायरसची बाहेर जाणाऱ्या मेलची तपासणी बंद केली. जोडपत्रांच्या फाइली तो डिस्कवर तपासतच होता. मग उरलेले तीन मेल एकेक उघडून त्यांतील 'सेंड' दाबले. तिन्ही ओळी पुन्हा तिरक्या झाल्या. ऑफलाइनचे बटण सोडल्यावर दिवाणजींनी सवयीने पहिल्या ओळीवर क्लिक करण्यासाठी हात पुढे केला, तो त्यांचा त्यांनीच मागे घेतला, आणि आम्ही दोघे पडद्याकडे पाहत राहिलो. पाऊण मिनिटात आउटबॉक्स रिकामा झाला.