कर्ट फ्लड आणि बेसबॉलचं 'राखीव कलम'

करार संपला की हव्या त्या क्लबशी बोलणी करायची, ही अमेरिकन बेसबॉलपटूंची मुभा तशी अलीकडची. १९७५ पर्यंत करारात 'राखीव कलम' असे. खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर जुना करार क्लब एक वर्षाने वाढवू शके. क्लबांच्या मते त्या वाढीव करारातही हेच कलम आपोआप येई, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खेळाडूने एक तर तिथेच खेळायचं, नाहीतर खेळ सोडायचा.

याविरुद्ध कोर्टात गेला तो सेंट लुईस कार्डिनल्स क्लबचा सेंटर फिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात मधोमध उभा राहणारा क्षेत्ररक्षक) कर्ट फ्लड. १९५८ पासून बारा हंगाम तिथे, १९६३ ते १९६९ सलग सात गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार), १९६६ च्या अख्ख्या हंगामात क्षेत्ररक्षणात एकही चूक नाही. पण लोकांच्या लक्षात राहिला १० ऑक्टोबर १९६८ चा फटका. वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा निर्णायक सातवा सामना, सातवी इनिंग, ०-०, डेट्रॉइटचे दोघे बाद, दोघे धाव घ्यायला बेसवर. डेट्रॉइटच्या जिम नॉर्थरपने चेंडू थेट फ्लडच्या दिशेने मारला. सेंटर फिल्डरला असाच चेंडू सगळ्यात जड जातो: बाजूला जाणाऱ्याचा पल्ला कोनावरून कळतो, समोरून येणारा नुसता मोठा होत जातो. फ्लड आधी पुढे सरला, मग वळताना घसरला, चेंडू डोक्यावरून मागे गेला. दोन धावा झाल्या आणि डेट्रॉइटने सामना ४-१ असा जिंकला.

वर्षभराने, ऑक्टोबर १९६९ मध्ये, क्लबने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हा पगार ९०,००० डॉलर, वय ३१. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे प्रमुख प्रशासक, कमिशनर बोवी क्यून यांना लिहिलं: मर्जी न विचारता विकायला मी मालमत्ता नाही. खटल्याचा खर्च खेळाडू संघटनेने उचलला. १९ जून १९७२ ला सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ ने हरला. निकाल तसा अजबच: मक्तेदारीविरोधी कायद्यातून बेसबॉलला १९२२ पासून मिळालेली सूट विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण ती काढायचं काम संसदेवर ढकललं.

मधल्या काळात फ्लडचा १९७० चा हंगाम बुडाला. १९७१ मध्ये वॉशिंग्टन क्लबकडून १३ सामने, ३५ वेळा बॅटिंग, ७ हिट, मग निवृत्ती.

कलम मोडलं ते लवादापुढे. १९७५ चा हंगाम सही न करता खेळलेल्या अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात लवाद पीटर साइट्झ यांनी करारवाढीच्या कलमातल्या 'एक वर्ष' म्हणजे एकच वर्ष असा अर्थ लावला. फ्लडच्या नावाचा कायदा १९९८ चा. फ्लड स्वतः त्याआधीच, जानेवारी १९९७ मध्ये वारला. त्या कायद्यानेही सूट हटली ती फक्त मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च स्तरावरच्या खेळाडूंच्या नोकरीपुरती. खालच्या स्तराच्या मायनर लीगला ती तशीच राहिली.