बागडोग्राला उतरून भूतानला जायचंय? परमिट, कागदपत्रं आणि गाडीचं काय ते

आपल्याकडून भूतानला जाणारे बरेच जण थेट पारोचं विमान न घेता पश्चिम बंगालमधल्या बागडोग्राला उतरतात आणि तिथून गाडीने बॉर्डर गाठतात, कारण चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर हिशोब यातच बसतो. पण एक गोष्ट आधीच सांगतो, बॉर्डरवर जे काही अडतं ना ते खरं तर घरीच अडलेलं असतं, कपाटातल्या फाइलमधे. म्हणून तिकीट काढायच्या आधी कागद बघा.

भारतीय नागरिकाला भूतानसाठी व्हिसा लागत नाही, एंट्री परमिट लागतं. त्यासाठी दोनपैकी एक हवं, किमान 6 महिने व्हॅलिड असलेला पासपोर्ट किंवा ओरिजिनल मतदान कार्ड. बस्स. आधार चालत नाही, पॅन नाही, लायसन्स नाही. आमच्या ग्रुपमधे मावशी ठामपणे म्हणत होती की आधार सगळीकडे चालतं, बँकेत चालतं मग तिथे का नाही, आणि तिचं मतदान कार्ड कुठल्या डब्यात आहे हे जायच्या तीन आठवडे आधी शोधायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की त्यावर माहेरचं नाव आहे आणि पासपोर्ट तर तिने कधी काढलाच नाही. कार्ड हरवलंय, फाटलंय किंवा नाव चुकलंय तर निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर फॉर्म 8 भरायचा, दुरुस्ती आणि नवीन कार्ड दोन्ही त्याच फॉर्ममधून होतं (अजून नावनोंदणीच नसेल तर फॉर्म 6). बीएलओ (आपल्या भागातल्या मतदार यादीचं काम बघणारा सरकारी माणूस) घरी येणार, मग कार्ड छापून पोस्टाने येणार, यात किती दिवस जातील ते आपल्या हातात नसतं त्यामुळे दोन महिने आधी सुरू केलेलं बरं. घाई असेल तर सरळ तत्काळ पासपोर्ट.

लहान मुलांचा पासपोर्ट असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर जन्म दाखला लागतो आणि तो इंग्रजीत हवा. हल्लीचे दाखले मराठी-इंग्रजी दोन्हीत येतात पण जुना फक्त मराठीतला असेल तर नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवीन काढून घ्या. मूल आईवडिलांसोबतच असलं पाहिजे. आजीआजोबा नातवाला एकटं घेऊन जाणार असतील तर आधी भूतानच्या इमिग्रेशनला मेल करून काय लागेल ते विचारा, गेटवर जाऊन समजावण्यात अर्थ नाही.

आता पैसे. भूतान सरकार सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी घेतं, सगळे एसडीएफच म्हणतात. कोविडनंतर सप्टेंबर 2022 मधे बॉर्डर उघडल्यापासून भारतीयांना हा माणशी एका रात्रीचा 1200 रुपये आहे. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मा, 5 वर्षांपर्यंत माफ. म्हणजे नवराबायको, एक 9 वर्षांचं आणि एक 4 वर्षांचं मूल, 5 रात्री असं धरलं तर 12000 अधिक 3000, एकूण 15000 रुपये, आणि हे हॉटेल-गाडी सोडून. फी रात्रीवर आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे उशीर झाला तर ती रात्र जयगावात, म्हणजे बॉर्डरवरच्या आपल्या बाजूच्या गावात काढायची, तिथे एसडीएफ नाही. नुसतं फुंटशोलिंग, म्हणजे बॉर्डरपलीकडचं भूतानचं गाव, दिवसा बघून परत यायचं असेल तरी ही फी लागत नाही.

अर्ज भूतानच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर ऑनलाइन भरता येतो. पासपोर्ट किंवा मतदान कार्डाचा स्कॅन, पासपोर्ट साइज फोटो, तारखा, कुठे राहणार ते, आणि एसडीएफ. फुंटशोलिंगच्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊनही होतं पण सीझनमधे तिथे मुलाबाळांना घेऊन लाइनीत उभं राहण्यापेक्षा घरून भरून जा असं माझं मत. एजंट करून देतो, पण अर्जातलं नावाचं स्पेलिंग कार्डासारखंच आहे का हे स्वतः वाचा, आमच्या एजंटने एका काकांचं आडनाव गाळलं होतं आणि ते आम्हालाच सापडलं.

बागडोग्रा ते जयगाव साधारण 150 किलोमीटर, चार तास धरा. सिलिगुडी, सेवक, तिस्तेवरचा कोरोनेशन ब्रिज, मग डुआर्सचे चहाचे मळे, बिरपाडा, हासीमारा असा रस्ता आहे आणि खरं सांगायचं तर प्रवासातला हा भाग कोणी सांगत नाही पण मस्त आहे. पर्याय तीन. एअरपोर्टवरून बंगालची टॅक्सी जयगावपर्यंत, तिथे उतरून पायी गेट पार करून पलीकडे भूतानची गाडी. किंवा भूतानचीच गाडी बागडोग्र्याला बोलवायची, भाडं जास्त पण सामान एकदाच चढवायचं, म्हातारी माणसं असतील तर हेच करा. तिसरं स्वस्तातलं, सिलिगुडीहून जयगावची बस, किंवा डुआर्समधून जाणारी ट्रेन हासीमाऱ्यापर्यंत आणि तिथून 18 किलोमीटर शेअर गाडी. गाडी कुठलीही असो, पायी येणाऱ्यांसाठी वेगळं टर्मिनल आहे, कागद तिथे दाखवायचे. फुंटशोलिंगच्या वर रिनचेंडिंगला परमिट परत बघतात, त्यामुळे ते बॅगेच्या तळाशी टाकू नका, दोन प्रिंट काढा.

अमेरिकेत वगैरे राहणारे आपले लोक इथे फसतात. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी पासपोर्ट परदेशी म्हणजे तुम्ही भूतानसाठी परदेशीच, 1200 वाला दर नाही. व्हिसा आधी काढायचा, 40 डॉलर, आणि एसडीएफ रात्रीला 100 डॉलर. शिवाय जयगावच्या भारतीय इमिग्रेशन ऑफिसात एक्झिटचा शिक्का मारून घ्यायचा, आपण भारतीय पासपोर्टवाले तिथे थांबत नाही त्यामुळे ग्रुपमधला हा एक माणूस पुढे निघून जातो आणि मग परत पाठवतात.

नेपाळशी गल्लत करू नका. बागडोग्र्याहून पानिटंकीमार्गे काकरभिट्टाला जाणारी बॉर्डर वेगळी, तिथे भारतीयांना ना परमिट ना एसडीएफ, सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. "आम्ही तर आधारवर गेलो होतो" असं सांगणारे बहुतेक तिकडे गेलेले असतात.

परतीचं विमान जरा सांभाळून बुक करा. थिंफूहून फुंटशोलिंग घाटातून पाच तास, पुढे बागडोग्रा चार, आणि भूतानचं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे. पावसाळ्यात दरड आली की सगळं गणित गेलं. आम्ही शेवटची रात्र जयगावात काढली, सकाळी लवकर निघालो आणि तरी सेवकला तासभर अडकलो.