गवळाऊ : जातिलक्षणे व कामाची क्षमता

विदर्भ व त्याला लागून असलेल्या सातपुड्याच्या पट्ट्यातील देशी गोवंशाची एक जात. ‘गौळाऊ’ असेही लिहितात. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) हे तालुके तिचे मूळ क्षेत्र मानले जातात. नागपूर जिल्ह्याचा काही भाग आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट व बैतूल या जिल्ह्यांतही ती आढळते. हलक्या अंगाची, दुडक्या चालीने लांब मजल मारणारी बैलजात अशी तिची ख्याती असून गाईचे दूध ही तिची दुय्यम बाजू समजली जाते. एका वितात सरासरी सुमारे ६०० किलो दूध मिळते.

जातिलक्षणे : अंग लांबट व अरुंद, उंची मध्यम. गाई बहुधा पांढऱ्याशुभ्र असतात. वळूंची मान, वशिंड व मागचा भाग करड्या रंगाकडे झुकतो. डोके विशेष लांब व अरुंद असून ते शिंगांच्या बुडाशी थोडे रुंद व नाकपुड्यांकडे निमुळते असते. कपाळ सपाट, पण वरच्या बाजूला मागे कललेले असल्याने किंचित फुगीर वाटते. डोळे बदामी व थोडे तिरपे. कान मध्यम व उभारलेले. शिंगे आखूड, बोथट टोकांची व बहुधा किंचित मागे वळलेली. मान आखूड, वशिंड बेताचे. गळ्याखालची लोंबती कातडी (पोळी) मोठी, परंतु बेंबीखालची लोंबती कातडी मर्यादित. शेपूट आखूड, मागच्या गुडघ्याच्या जरा खाली पोचणारे. खूर मध्यम आकाराचे व टिकाऊ.

या वर्णनाचा मोठा भाग डोके, शिंगे, कान व रंग यांनी व्यापलेला आहे. कामाशी थेट संबंध असलेल्या गोष्टी त्यात मोजक्याच : खुरांचा टिकाऊपणा, अंगाचा हलकेपणा आणि पोटाखाली न लोंबणारी कातडी (ती लोंबत असेल तर काटेरी रानात ओरखडते व चालीला आड येते). ज्या गुणामुळे जात नावारूपाला आली त्या चालीबद्दल बहुतेक संकलनांत ‘जलद’, ‘चपळ’ एवढीच विशेषणे सापडतात. किती ओझ्यासह किती अंतर, किती वेळात, हे जातिलक्षणांच्या चौकटीत आलेले नाही. हे स्वाभाविकही आहे. वर्णने करणाऱ्या अधिकाऱ्यांनी जनावरे प्रदर्शनात, बाजारात किंवा सरकारी प्रक्षेत्रावर उभी असलेली पाहिली. उभ्या जनावराचे डोके मोजता येते, चाल मोजता येत नाही.

उत्पत्ती : याविषयी एकमत नाही. पशुतज्ज्ञ सर आर्थर ऑलव्हर यांनी १९३०–४० च्या दशकात भारतीय गोवंशाचे गट पाडले आणि जोशी व फिलिप्स यांनी १९५३ मध्ये अन्न व कृषी संघटनेसाठी केलेल्या पाहणीत ते विस्ताराने मांडले. त्यांनुसार गवळाऊ ही आखूड शिंगांच्या, पांढऱ्या वा फिकट करड्या रंगाच्या व लांबट कवटीच्या गटात पडते. हरियाणा, नागोरी, मेवाती, राठ, बचौर, भगनारी, कृष्णा खोरे व ओंगोल या जाती याच गटातल्या. नकाशावर भगनारी वायव्येला व ओंगोल आंध्रच्या किनाऱ्यावर येते आणि मधली मोकळी जागा गवळाऊ भरून काढते. त्यावरून वायव्येकडून आलेल्या पांढऱ्या गुरांच्या वाटेवरचा हा एक टप्पा असावा, असे अनुमान निघाले. काही लेखकांनी ही वाट वैदिक आर्यांच्या स्थलांतराशी जोडली. तिला आधार म्हणून मुख्यतः आजच्या जनावरांचे रूपसाम्यच पुढे केले जाते, आणि रूपसाम्य वेगवेगळ्या ठिकाणी सारख्या निवडीनेही येऊ शकते. वशिंडी गुरे प्रथम सिंधू खोऱ्याच्या परिसरात, सुमारे ८,००० वर्षांपूर्वी माणसाळवली गेली हे मत आज बहुमान्य आहे. पण त्याने एखाद्या जातीच्या घडणीचा काळ ठरत नाही.

ओंगोलशी असलेले साम्य सर्वच अभ्यासकांच्या नजरेत भरले आहे. ओंगोल अंगाने भारी, गवळाऊ सडपातळ. डोक्याची ठेवण व रंग मात्र जवळचे. गवळाऊपासून ओंगोल निपजली, की ओंगोलचे रक्त नंतर वर्ध्याकडे आले, या दोन्ही बाजू मांडल्या गेल्या आहेत. दोन्ही जाती एका जुन्या साठ्याच्या शाखा मानणे अधिक सुरक्षित दिसते.

स्थानिक परंपरा जातीचा संबंध गवळ्यांशी जोडते. देवगडावर (जि. छिंदवाडा) गोंड राजा जाटबा याच्या आधी रणसूर व घणसूर या गवळी बंधूंचे राज्य होते अशी आख्यायिका आहे, जाटबाचा काळ साधारणतः सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध धरतात. मेळघाटातील गाविलगडाच्या नावातही गवळ्यांचीच आठवण असल्याचे मानतात. आख्यायिकेला इतिहास म्हणता येणार नाही, परंतु सातपुड्याच्या कुरणांत व्यवसायाने गुरे राखणारा समाज जुना आहे, एवढे त्यावरून म्हणता येते. आर्वी-कारंजा भागातील नंद गवळी समाजाने हा गोवंश आजवर सांभाळला आहे.

मराठ्यांनी डोंगराळ मुलखातून सैन्याची जलद ने-आण करण्यासाठी ही जात घडवली, हे मत सर्वांत लोकप्रिय आहे व बहुतेक संदर्भग्रंथांनी ते एकमेकांवरून उतरवले आहे. नागपूरच्या भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकाच्या मध्यास स्थिरावली. रघूजी भोसले (पहिले) यांच्या बंगालवरील स्वाऱ्या १७४२ ते १७५१ या काळातल्या. अशा लांब मोहिमांना दमदार व जलद बैल लागले असणार यात शंका नाही. मात्र मागणी निर्माण होणे व जात निर्माण होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गवळ्यांच्या हाती आधीपासून असलेल्या हलक्या अंगाच्या गुरांतून लष्करी व व्यापारी मागणीने जलद चालीची निवड अधिक काटेकोर केली असावी, हे मत त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. रेल्वे येण्यापूर्वी या भागातला कापूस बैलांच्या पाठीवरून उत्तरेत मिर्झापूरपर्यंत जात असे, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे लागते.

काम : वखर (कुळव), डवरा (कोळपे), तिफण (पाभर) व बंडी (मालाची बैलगाडी) ओढणे ही नेहमीची कामे. आर्वी-कारंजाकडची जमीन चढउताराची व मुरमाड; तिथे हलका, घट्ट खुरांचा बैल भारी बैलाला मागे टाकतो. खोल काळ्या रानात भारी ओढीसाठी शेतकरी वजनदार जोडी पसंत करतो. गवळाऊची खरी जागा दमणी-रेंगीला (माणसे नेणाऱ्या हलक्या बैलगाड्यांना) होती. पाव्हण्यांना आणणे, बाजारहाट, लग्नाची वऱ्हाडे यांसाठी दुडकी चाल टिकवणारी जोडी घराची प्रतिष्ठा मानली जाई. पक्के रस्ते, एस. टी. व पुढे मोटारसायकली आल्यावर हे काम संपले. वखर-डवऱ्याचे काही ट्रॅक्टरने उचलले.

लॅब्राडोर कुत्र्यांत प्रदर्शनासाठी पैदास केलेली भारदस्त घराणी व शिकारीच्या कामासाठी राखलेली सडपातळ घराणी वेगळी पडली आहेत. गवळाऊत तसे दोन पंथ झाले नाहीत, पण ताण तोच आहे. शासकीय पैदास व प्रदर्शनातील निवड शुद्ध पांढरा रंग, डोक्याची ठेवण व अलीकडे दूध पाहते. पोळ्याला सजलेल्या जोडीचे कौतुकही डोळ्यांनीच होते. शेतकरी मात्र गोऱ्हा जुंपून, चालवून घेतो. त्यात आणखी एक अडचण अशी, की चालीला तेज गोऱ्हा चांगल्या किमतीला जातो, खच्ची होतो व त्याचा वंश तिथेच थांबतो. गावच्या गाईंना उरतो तो कोणी न घेतलेला सांड. जातिलक्षणांत बसणारा वळू निवडून हे नुकसान भरून निघत नाही, कारण गेलेला गुण त्या लक्षणांत नोंदलेलाच नसतो.

दुधाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. गोऱ्हा धष्टपुष्ट व्हावा म्हणून त्याला सडाला जास्त सोडले जाते. साहजिकच गाईची दुधाची नोंद कमी भरते. वर्ध्यात १९४१ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या व जमनालाल बजाज यांनी अखेरचे दिवस वाहिलेल्या गोसेवा संघाने दूध व बैल या दोन्हींसाठी एकच गाय हा विचार पुढे ठेवला. पुढच्या दशकांतील जर्सी व होल्स्टीन संकराच्या धोरणापुढे तो मागे पडला. जातीच्या संवर्धनासाठी हेटीकुंडी (ता. कारंजा) येथे शासकीय प्रक्षेत्र आहे.

शंकरपट : शंकरपट किंवा पट म्हणजे विदर्भातील बैलजोड्यांची शर्यत. चालीची जाहीर परीक्षा आज उरली आहे ती येथेच. तळेगाव दशासर (जि. अमरावती) येथील पट प्रसिद्ध आहे; भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीकडे पटाच्या जोडीने रात्री झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाच्या या भागातील) नाटके होतात. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी धुरकरी पळवतो व निकाल घड्याळाच्या सेकंदांवर लागतो. म्हणजे पट वेग मोजतो खरा, पण काही सेकंदांचा. दिवसभर दुडकी चाल धरण्याचा दम तो मोजत नाही. शिवाय पटाच्या जोड्यांत खिल्लार व मिश्र रक्ताचे बैलही असतात. पटवाल्याला जातीपेक्षा सेकंद महत्त्वाचे.

केंद्र शासनाच्या जुलै २०११ च्या अधिसूचनेनंतर व सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानंतर या शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. बंदीच्या काळात पटासाठी गोऱ्हे राखण्याचे कारण नाहीसे झाले होते, असे गोपालक सांगतात.

विदर्भातील इतर गुरे : पूर्व विदर्भातील कठाणी गाय व पश्चिम विदर्भातील पूर्णाथडी म्हैस यांची स्वतंत्र जाती म्हणून राष्ट्रीय नोंदणी २०२३ मध्ये जाहीर झाली. कठाणी बैल धान शेतीच्या चिखलणीला वापरतात. नागपुरी म्हैस जुन्या वर्णनांत एलिचपुरी किंवा वऱ्हाडी या नावांनीही येते.