ग्रामपंचायत निवडणूक-वाद व फेरनिवडणूक (विदर्भ)

ग्रामपंचायतीच्या निकालाला न्यायालयात दिलेले आव्हान आणि त्यातून होणारी फेरमतमोजणी किंवा फेरनिवडणूक. गावात या दोहोंना आणि फेरमतदानालाही एकच प्रकार समजले जाते. कायद्यात मात्र हे तीन वेगळे मार्ग आहेत. फेरमतमोजणीत झालेलीच मते पुन्हा मोजतात. फेरमतदान एखाद्या केंद्रापुरते असते; यंत्र बिघडले किंवा केंद्र बळकावले गेले की बहुधा राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाने व निकालाआधीच ते उरकले जाते. न्यायालयाने निवडणूक रद्द केल्यास होते ती फेरनिवडणूक. तिसरा प्रकार क्वचितच घडतो.

उगम : विदर्भातील सध्याची पद्धत या प्रदेशाच्या जुन्या कायद्यातून आलेली नाही. १९५६ पूर्वी येथे मध्य प्रांत व वऱ्हाड पंचायत अधिनियम, १९४६ लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (आताचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) येथे लागू झाला. त्यातील कलम १५ (निवडणुकीच्या वैधतेला आव्हान देण्याचे कलम) याची शब्दरचना मुंबई इलाख्याच्या नगरपालिका कायद्यांशी, विशेषतः १९०१ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमाशी व १९२५ च्या बरो अधिनियमाशी, जुळते. तिचे मूळ इंग्लंडमधील १८६८ च्या सुधारणेतही शोधता येईल. त्या वर्षी संसदीय निवडणुकांचे तंटे सभागृहाच्या समितीकडून न्यायाधीशांकडे गेले. हा धागा तत्त्वापुरता खरा मानता येईल. मात्र मतांची ‘छाननी व गणना’ न्यायाधीशाने स्वतः करावी, ही तरतूद नगरपालिका कायद्यांतून उतरली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यामुळे शहरी वॉर्डासाठी बेतलेला नियम टोला, पोड, तांडा अशा विखुरलेल्या छोट्या वस्त्यांच्या गटग्रामपंचायतींना लागू झाला.

७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) निवडणूक घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे गेले. निवडणूक प्रक्रिया चालू असताना न्यायालयाने सहसा मध्ये पडू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच पोन्नुस्वामी प्रकरणात मांडले होते. संविधानाचा अनुच्छेद २४३-ओ आणि ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १५-अ त्याच वळणाचे आहेत.

अर्जाची रीत : कलम १५ खाली निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. तो निवडणूक लढवलेला उमेदवार करू शकतो, तसाच त्या निवडणुकीतील कोणताही पात्र मतदार. अर्ज तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्याकडे जातो. ते पद तेथे नसल्यास वरिष्ठ स्तराकडे. न्यायाधीशाला या चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. निकाल कायम करणे, त्यात दुरुस्ती करणे किंवा निवडणूक रद्द करणे, असे तीन आदेश तो देऊ शकतो. रद्द केल्यास नव्या निवडणुकीची तारीख लगेच ठरवावी लागते. त्याचा निर्णय कायद्याने अंतिम असल्याने नियमित अपील नाही. असंतुष्ट पक्ष मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करतो. छाननीनंतर मते समसमान निघाली तर न्यायाधीशासमोर चिठ्ठी टाकतात आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्या मतांत एक मत वाढवतात.

छाननी कधी? : उमेदवारांमधील वादात न्यायाधीशाने मतांची छाननी व गणना करावी, असे सांगणाऱ्या कलम १५(५)(ब) चे दोन अर्थ लावता येतात. पहिल्या अर्थाने, उमेदवारांमध्ये वाद आहे एवढे दिसले की न्यायाधीशाने मते मोजलीच पाहिजेत, कारण तेथे क्रियापद आज्ञार्थी आहे. दुसऱ्या अर्थाने, मतदानाची गुप्तता जपायची असल्याने आधी प्रथमदर्शनी पुरावा हवा. फेरमोजणी हा कोणाचा सहज मिळणारा हक्क नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायद्याखालील प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने राम सेवक यादव (१९६४) व जितेंद्र बहादूर सिंह (१९६९) या निर्णयांत दुसरी भूमिका घेतली. ग्रामपंचायतीलाही तीच अधिक मानवते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की ‘मोजणीत घोळ झाला’ एवढ्या विधानावर अर्ज टिकत नाही. कोणता प्रभाग, कोणते केंद्र, कोणते टेबल, वादातील मते किती, ती अवैध का, लेखी हरकत कोणी व केव्हा दिली आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तिच्यावर काय लिहिले, हे सारे अर्जातच यावे लागते. मोजणीच्या दिवशी तोंडी आरडाओरड करून रिकाम्या हाताने परतलेल्या पॅनेलचा अर्ज येथेच अडखळतो.

यंत्र आणि हिशेब : मतपत्रिका असताना ठशाची जागा, दुहेरी शिक्का, केंद्राध्यक्षाची सही यांवर वाद रंगत. मतदान यंत्र आल्यावर वादाची जागा बदलली. ग्रामपंचायतीच्या यंत्राला व्हीव्हीपॅट (मताची कागदी चिठ्ठी छापणारे यंत्र) नसल्याने ‘फेरमोजणी’ म्हणजे नियंत्रण यंत्रावरचा निकाल पुन्हा पडद्यावर आणणे आणि तो केंद्राच्या नोंदीशी ताडणे. चुका बहुधा नोंदीत सापडतात: आकडा दुसऱ्या उमेदवाराच्या ओळीत चढतो, मॉक पोलची (मतदानाआधीच्या चाचणीची) मते पुसायची राहतात, मतदान संपल्यावर ‘बंद’चे बटण दाबले जात नाही. आणखी एक गफलत विशेष ग्रामपंचायतीची. प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबतो. तीन जागांच्या प्रभागात ४०० जणांनी मतदान केले तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ धरून एकूण मते १,२०० पर्यंत जातात. ही बेरीज पाहून ‘मतदारांपेक्षा मते जास्त’ असा आरोप करणारे अर्ज फुकट जातात. ताळा प्रत्येक जागेचा स्वतंत्र घ्यावा. अर्जासोबतच यंत्र मोहोरबंद ठेवण्याची मागणी करावी; अन्यथा ते पुढच्या निवडणुकीसाठी रिकामे केले जाऊ शकते.

या प्रकारचे गाजलेले उदाहरण विदर्भाबाहेरचे आहे. हरियाणातील बुआना लाखू (जि. पानिपत) येथील नोव्हेंबर २०२२ च्या सरपंच निवडणुकीची यंत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात ऑगस्ट २०२५ मध्ये मोजली गेली आणि १,०५१ विरुद्ध १,००० असा निकाल उलटला. वाद प्रामुख्याने ६९ क्रमांकाच्या केंद्राचा होता. त्याआधी केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात (१९८२) ५० केंद्रांवर यंत्र वापरण्याला कायद्याचा आधार नव्हता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश दिला. १२३ मतांनी हरलेला उमेदवार त्यात जिंकला.

आरक्षणातून आलेली फेरनिवडणूक : विदर्भातील एक मोठी न्यायालयीन फेरनिवडणूक मतांच्या घोळामुळे झालीच नाही. नागपूर, अकोला व वाशीम जिल्हा परिषदांच्या निवडणुका जानेवारी २०२० मध्ये झाल्या होत्या. एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर गेल्याने ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मर्यादेबाहेरच्या इतर मागासवर्गीय जागांची निवड रद्द ठरवली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी नागपूरमध्ये १६, अकोल्यात १४ व वाशीममध्ये १४ गटांत पुन्हा मतदान झाले. पुढे भंडारा व गोंदियात याच वादामुळे मतदान २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ असे दोन टप्प्यांत विभागले.

नेहमीची गल्लत : अपात्रतेचा वाद निवडणूक अर्जात घालू नये. शासकीय जागेवरील अतिक्रमण, तिसरे अपत्य यांसारखी प्रकरणे कलम १४ व १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. राखीव जागेवरील उमेदवाराने मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिले नाही, तर पद जाते आणि पोटनिवडणूक लागते. हलबा-कोष्टी, माना यांसारख्या जमातीच्या दाव्यांमुळे पूर्व विदर्भात हा प्रश्न परिचित आहे. सदस्यांनी निवडलेल्या सरपंच-उपसरपंचाविषयीचा तंटा कलम ३३ खाली १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून १५ दिवसांत नागपूर वा अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे नेतात. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परतली. त्यामुळे जुन्या प्रकरणांत निवडणुकीचे वर्ष आधी पाहावे लागते.

मतदारयादी : स्थलांतर हे तोतया मतदानाच्या आरोपांचे एक कारण. चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर मिरची तोडणीला तेलंगणात जातात आणि त्यांच्या नावावर मत पडल्याची तक्रार निघते. अशा वेळी खऱ्या मतदाराने केंद्रावरच प्रदत्त मत (आपल्या नावावर आधीच मत पडले असल्यास वेगळे नोंदवले जाणारे मत) मागावे. तेच पुढे कागदोपत्री पुरावा ठरते. गावी न आलेल्यांबाबत चिन्हांकित यादी (मत दिलेल्यांच्या नावांवर खूण केलेली केंद्रावरील मतदारयादी) आणि कामाच्या ठिकाणच्या हजेरीपटावर भिस्त ठेवावी लागते. जिवती तालुक्यातील परमडोली, मुकदमगुडा आदी सीमावर्ती गावांत (संख्या कोठे १२, कोठे १४ दिली जाते) अनेकांची नावे महाराष्ट्र व तेलंगणा अशा दोन्ही यादींत आहेत. तेथे दुबार नावाची हरकत यादी अंतिम होण्यापूर्वीच घ्यावी, कारण अंतिम यादीत नाव असलेल्याचे मत केवळ यादी चुकीची होती म्हणून निकालानंतर बाद करून घेणे अवघड असते.