तपकिरी बटू हा विझलेला तारा नाही

आमच्या लातूर-नांदेडकडच्या ग्रुपवर एक मेसेज लई वर्षांपासून फिरायलाय, की तपकिरी बटू म्हणजे जळून विझलेला तारा, काळा गोळा, तिथं बघण्यासारखं काहीच नाही. साफ चूक आहे हे, आणि पोरं तेच पाठ करायलेत म्हणून लिहायलोय.

विझायला आधी पेटावं लागतं ना! तपकिरी बटू (ब्राउन ड्वार्फ) म्हणजे ग्रहापेक्षा जड पण तारा न झालेला वायूचा गोळा, याचं वस्तुमान गुरूच्या साधारण 13 ते 75 पट, तेवढ्यात साधा हायड्रोजन पेटून टिकत नाही, मग जन्मावेळची उष्णता घेऊन हा गडी अब्जावधी वर्षं हळूहळू थंड होत जातो. चुलीवरून उतरवलेला तवा लाल दिसत नाही पण हात जवळ नेला की धग लागते, तसंच, आणि ती धग म्हणजेच इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा प्रकाश.

हे इन्फ्रारेड इंद्रधनुष्यासारखं तरंगलांबीनुसार फोडून बघितलं की बटूच्या हवेतली पाण्याची वाफ, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश गिळतात, तिथं खाच पडते. 1995 मधे ग्लीज 229बी या बटूमधे मिथेनची खाच सापडली, मिथेन ताऱ्याच्या उष्णतेत टिकतच नाही, तिथंच कळलं की हा तारा नाही. साडेसहा प्रकाशवर्षांवरच्या लूमन 16 या बटूंच्या जोडीतल्या एकाचा तर ढगांचा नकाशाच 2014 मधे चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं काढला. गरम बटूंवरचे ढग खनिजांचे असतात, वाळूच्या जातीच्या सिलिकेटचे. आणि वाइज 0855 नावाचा गोळा तर जवळपास बर्फासारखा थंड, तरी इन्फ्रारेडमधे दिसतो.

फक्त आपल्या हवेतली वाफ यातलं बरंच इन्फ्रारेड वाटेतच गिळते, म्हणून जेम्स वेबसारखी दुर्बीण अंतराळात न्यावी लागली.