डेव्ह मिराच्या मेंदूत काय सापडलं?

फेब्रुवारी 2016मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ग्रीनव्हिल इथं, डेव्ह मिरा या 41 वर्षांच्या फ्रीस्टाइल बीएमएक्स सायकलपटूनं आत्महत्या केली. मे महिन्यात टोरोंटो विद्यापीठातल्या न्यूरोपॅथॉलॉजिस्ट लिली-नाझ हझराती यांनी त्याच्या मेंदूचे छेद तपासून केलेलं निदान जाहीर झालं: क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई, डोक्याला वारंवार मार बसल्यानं मेंदू हळूहळू खराब होण्याचा आजार. स्टंटच्या खेळांमधल्या खेळाडूत हा आजार सापडल्याची ही पहिलीच नोंद. तेव्हापासून ही बातमी साधारण अशा रूपात फिरते आहे: 'आयुष्यभर हवेत कोलांट्या मारल्या, मेंदू कवटीवर आपटून आपटून खराब झाला आणि त्यानंच त्याचा जीव घेतला.' एका वाक्यात तीन गोष्टी आणि तिन्ही जरा गडबडीच्या. यातली मधली मला सर्वांत आवडते, म्हणून लेखाचा बराचसा भाग तिच्यावरच जाणार आहे.

आधी माणूस. मिराचा जन्म 1974चा. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसजवळच्या चिटेनँगो या छोट्या गावात तो वाढला. कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल शर्यतींची, नक्कल करत लहान सायकली मातीत पळवायला लागली ती 1970च्या दशकात; हेच बीएमएक्स. चाकं 20 इंचांची, गिअर नाहीत, सांगाडा ठेंगणा आणि दणकट. त्यातूनच पुढे रॅम्पवरून उडी घेऊन हवेत करामती करण्याचा फ्रीस्टाइल प्रकार निघाला. शाळकरी वयातच मिराला सायकल कंपन्यांनी हाताशी धरलं. 1993मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकानं त्याला उडवलं. कवटीला तडा गेला, मेंदूत रक्ताची गाठ झाली. तो पुन्हा सायकलवर बसला. 2000 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स गेम्समध्ये, म्हणजे स्टंटच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेत, त्यानं दुहेरी बॅकफ्लिप मारली: सायकलसकट हवेत मागच्या बाजूला दोन कोलांट्या. स्पर्धेत ती कुणी यशस्वी करून दाखवण्याची ती पहिली वेळ. एक्स गेम्सची एकूण 24 पदकं, त्यातली 14 सुवर्ण. त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम निघाला, पुढे त्यानं स्वतःची सायकल कंपनीही काढली. सायकल थांबल्यावर रॅली गाड्या, मग ट्रायथलॉन आणि मुष्टियुद्ध. शेवटचा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या धंद्याचं एक वैशिष्ट्य बाहेरून दिसत नाही. फुटबॉल किंवा क्रिकेटच्या संघाला डॉक्टर असतो, फिजिओ असतो, 'आज तू बाहेर बस' असं सांगणारा कुणीतरी असतो. फ्रीस्टाइलवाला एकटा. नवी करामत आधी फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात घोटायची, मग खऱ्या रॅम्पवर. तिथं पडणं हा सरावाचाच भाग. पडला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, दोन मिनिटं बसला, हँडल सरळ केलं, पुन्हा वर. प्रायोजकाचे पैसे स्पर्धेतल्या क्रमांकावर आणि कॅमेऱ्यात पकडलेल्या उडीवर अवलंबून. किती वेळा डोकं आपटलं याची वही कुणी ठेवत नाही.

आता भौतिकशास्त्र.

1943 साली ऑक्सफर्डमध्ये ए. एच. एस. होलबर्न नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ मेंदूच्या दुखापतींवर काम करत होता. महायुद्ध चालू होतं, निरोप पोचवणारे लष्करी मोटारसायकलस्वार अपघातांत पटापट मरत होते. 1935मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून दगावला, तेव्हा त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. त्यानंतर ते हेल्मेटच्या मागे हात धुऊन लागले. होलबर्न त्यांचाच सहकारी. त्यानं प्रश्न विचारला तो अगदी मुळातला: डोक्याला दणका बसतो तेव्हा मेंदूचं नेमकं काय मोडतं?

त्याचा तर्क बघा. मेंदू बव्हंशी पाण्याचा. पाण्यासारखंच त्याला दाबून त्याचं आकारमान कमी करणं जवळपास अशक्य. पण आकारमान तेच ठेवून त्याचा आकार बदलणं, म्हणजे एक थर दुसऱ्या थरावरून सरकवणं, अगदीच सोपं. आज मोजलेले आकडे सांगतात की आकारमान बदलायला मेंदूचा विरोध 2 गिगापास्कलच्या आसपास असतो, तर थर सरकण्याला विरोध जेमतेम किलोपास्कलमध्ये. फरक दहा लाख पटींच्या घरात. शिवाय मेंदूची घनता सगळीकडे जवळजवळ सारखी आणि तो कवटीच्या बंद पेटीत ठासून भरलेला. त्यामुळे डोकं सरळ रेषेत धक्क्यानं हललं तर आतला प्रत्येक कण सारख्याच त्वरणानं हलतो. कुणी कुणाच्या मागे पडत नाही, थर सरकत नाहीत. डोकं गर्रकन फिरलं तर मात्र कवटी आधी फिरते आणि आतला ऐवज जडत्वानं मागे राहतो. पातेल्यात घट्ट लागलेलं दही ओट्यावरून सरळ सरकवलं तर मोडत नाही. तेच पातेलं जागच्या जागी झटक्यात अर्धा वेढा फिरवा, दही कडेपासून सुटतं आणि आत चिरा जातात. होलबर्ननं जिलेटिनचा मेंदू करून त्याला झटके दिले आणि ध्रुवित प्रकाशात ताण कुठं येतो ते पाहिलं. उत्तर तेच आलं.

म्हणजे मेंदू कवटीवर आपटतो हे सर्वस्वी खोटं नाही. जोराच्या माराने पृष्ठभागावर जखमा होतात. पण मुक्या माराचं, बाहेर काही न दिसता आत सर्वदूर पसरणारं नुकसान मुख्यतः फिरण्याच्या झटक्यानं होतं.

मग दुहेरी बॅकफ्लिप घातकच म्हणायची? नाही. इथं थोडं गणित. दोन वेढे म्हणजे सुमारे 12.6 रेडियन (रेडियन हे कोन मोजायचं एकक). हवेतला वेळ दीड सेकंद धरला तर कोनीय वेग सेकंदाला 8 ते 9 रेडियन. हा वेग रॅम्पच्या वळणावर सुमारे 0.3 सेकंदात मिळतो, म्हणजे कोनीय त्वरण 30 रेडियन प्रति सेकंद वर्गाच्या आसपास. एवढ्या सावकाश चढलेल्या वेगाबरोबर मेंदू सुखानं फिरतो. आता तोच स्वार उडी चुकून तिरका पडला आणि हेल्मेटची कड लाकडाला घासून अडकली असं समजा. डोकं 10 मिलिसेकंदात शून्यापासून 30 रेडियन प्रति सेकंदापर्यंत हिसडलं, तर त्वरण होतं 3000. शंभर पट! कोलांटी निरुपद्रवी, तिचा चुकलेला शेवट घातक. आणि मुष्टियोद्ध्याचा हनुवटीवर बसणारा ठोसा? तोही डोकं हिसडून फिरवतो. 1928 साली हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरनं मुष्टियोद्ध्यांच्या 'पंच ड्रंक' अवस्थेबद्दल लिहिलं होतं, सीटीईची कथा तिथूनच सुरू होते.

थर सरकले की त्यांतून आरपार जाणारे चेतापेशींचे लांब तंतू, म्हणजे ॲक्झॉन, ताणले जातात. ॲक्झॉनच्या आत प्रथिनांच्या पोकळ सूक्ष्मनलिका असतात आणि टाऊ नावाचं प्रथिन त्यांना धरून स्थिर ठेवतं. ॲक्झॉन हळू ताणला तर लांबतो आणि परत येतो. तोच काही मिलिसेकंदांत ताणला तर नलिकांना सैल व्हायला वेळच मिळत नाही, त्या तुटतात. टाऊ नलिकांपासून सुटतं, त्याला फॉस्फेटचे गट जास्तीचे चिकटतात, ते दुमडतं, गुंतागुंतीच्या गाठी होतात. अल्झायमरमध्येही टाऊच्या गाठी असतात, मग ओळखायचं कसं? जागेवरून. सीटीईतल्या गाठी मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती जमलेल्या असतात. आणि गणिती प्रतिकृतीत डोकं हिसडवून पाहिलं तर ताण सर्वांत जास्त साचतो तोही घड्यांच्या तळाशीच! भौतिकशास्त्र आणि सूक्ष्मदर्शक इतके नेमके एकाच ठिकाणी बोट ठेवतात, असं फार क्वचित होतं.

या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली, माणूस गेल्यावरच खात्रीनं दिसतात. तेव्हा जिवंतपणी स्कॅन करून 'सीटीई नक्की सांगतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत, आणि टाऊ धुऊन काढणारं तेल, नस्य किंवा 'मेंदूचं टॉनिक' आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. पोर सायकलवरून डोक्यावर पडलं तर दृष्ट हवी तेव्हा काढा. त्याआधी ते बरळतंय का, पुन्हा पुन्हा उलटी करतंय का, भलतंच झोपाळलंय का हे बघा आणि दवाखाना गाठा.

बीएमएक्सवाल्यांचं हेल्मेट उभं कापलं तर बाहेर कडक प्लास्टिकचं कवच आणि आत थर्माकोलचा जाड थर दिसतो. दणका बसला की थर्माकोल चेपतो, परत फुगत नाही, आणि डोकं थांबायला थोडे जास्त मिलिसेकंद मिळतात. अमेरिकेतल्या सायकल हेल्मेटच्या चाचणीत ते नकली डोक्यावर बसवून सपाट पोलादावर सुमारे दोन मीटरवरून टाकतात आणि सरळ रेषेतलं त्वरण गुरुत्वाच्या 300 पटींच्या आत राहतं का ते पाहतात. फिरण्याचं मोजमाप त्यात नाही. कवटी फुटू नये यासाठीची ही कसोटी आहे आणि त्यात हेल्मेट उत्तम उतरतं. (पुण्यातल्या हेल्मेटविरोधकांनी इथं टाळ्या पिटू नयेत. फुटलेली कवटी हे रस्त्यावर मरण्याचं फार जुनं कारण आहे.) स्टॉकहोममध्ये हान्स फॉन होल्स्ट आणि पीटर हॉल्डिन यांनी 1990च्या दशकात हेल्मेटच्या आत घसरणारा पातळ थर बसवण्याची कल्पना पुढे आणली. तिरक्या धडकेत कवच थोडं फिरतं, डोकं कमी फिरतं. फायदा होतो, पण किती, ते धडकेच्या कोनावर आणि हेल्मेट डोक्याला किती घट्ट बसलंय यावर अवलंबून. 'कंकशन-प्रूफ', म्हणजे मेंदूला हिसका बसूच न देणारं, हेल्मेट नावाची वस्तू नाही.

राहिली तिसरी गोष्ट, 'त्यानंच जीव घेतला'. सीटीई आणि नैराश्य, चिडचिड, स्मृतिभ्रंश एकत्र दिसतात हे खरं, पण एका माणसाच्या आत्महत्येचं कारण त्याच्या मेंदूच्या छेदात वाचता येत नाही. मिराच्या डोक्याला लागलेले मार तरी कुठले मोजायचे? 1993ची गाडी, रॅम्पवरची वर्षं, की नंतरचं मुष्टियुद्ध? कवटीखाली सगळं एकत्रच जमा होतं.

शिवाय तपासणीला येतात ते बहुतेक मेंदू कुटुंबीयांना आधीच शंका आलेल्या माणसांचे. त्यावरून 'इतके टक्के स्वारांना सीटीई होतो' असं काढता येत नाही, कारण भाजकच माहीत नाही. तो कळायला म्हातारपणी, कसलीही तक्रार नसताना गेलेल्या बीएमएक्स स्वारांचे मेंदूही लागतील. मिराच्याच पिढीतला नामवंत बीएमएक्स स्वार मॅट हॉफमन 1972चा. रॅम्पवर कारकीर्द घडवणारी ती पिढी आत्ता कुठं पन्नाशी ओलांडते आहे. तिच्यानंतरचे स्वार 2021 साली टोकियोत, फ्रीस्टाइलच्या पहिल्या ऑलिम्पिक स्पर्धेत उतरले. तेव्हा उत्तर यायला अजून वीस-तीस वर्षं तरी लागतील.