लॉगिन अडलेल्या संगणकात पुन्हा प्रवेश

संगणक सुरू होतो, पडद्यावर आपले नाव दिसते, पण पासवर्ड काही केल्या चालत नाही. अशा वेळी मालकाने आपल्याच यंत्रात परत शिरण्यासाठी जे उपाय करायचे, त्यांचा या नोंदीत विचार केला आहे. पासवर्ड विसरणे हे सर्वांना ठाऊक असलेले कारण. त्याखेरीज चुकीच्या प्रयत्नांमुळे खाते काही वेळ बंद पडते, कीबोर्डची मांडणी बदललेली असते, प्रणालीत बिघाड होतो किंवा डिस्कचे एन्क्रिप्शन (माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद करणे) वेगळीच किल्ली मागते. कारण न ओळखता घाईने केलेला उपाय मूळ अडचणीपेक्षा महाग पडू शकतो, कारण त्यात माहितीच पुसली जाण्याचा धोका असतो.

पासवर्डची पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेच्या सीटीएसएस या प्रणालीत रुळली. एकच यंत्र अनेक जण वापरत आणि पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६६ मध्ये दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्याला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. पुढे युनिक्स या प्रणालीने पासवर्डऐवजी त्याचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारे गणिती रूप, साठवायला सुरुवात केली. संगणकतज्ज्ञ रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांच्या १९७९ च्या निबंधात त्यामागचा विचार आणि प्रत्येक हॅशमध्ये ‘सॉल्ट’, म्हणजे यादृच्छिक जादा मजकूर, मिसळण्याची युक्ती मांडलेली आहे. आजच्या प्रणालीही पासवर्ड मूळ रूपात ठेवत नाहीत. त्यामुळे जुना पासवर्ड संगणकाला विचारून मिळत नाही. आपण खरे मालक आहोत हे दुसऱ्या मार्गाने पटवून नवा बसवावा लागतो.

तत्पूर्वी साध्या गोष्टी तपासाव्यात. कॅप्स लॉक आणि नम लॉक पाहावेत. लॉगिनच्या पडद्यावरची कीबोर्ड मांडणी डेस्कटॉपवरच्या मांडणीपेक्षा वेगळी असू शकते. अमेरिकी मांडणीत शिफ्ट आणि २ दाबल्यावर ‘@’ येतो, तर ब्रिटिश मांडणीत त्याच जागी दुहेरी अवतरणचिन्ह येते. ठिपक्यांआड हा फरक दिसत नाही. पासवर्ड दाखवणारे डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून अक्षरे वाचावीत. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते १० मिनिटे बंद राहते. तेव्हा थांबणे हाच उपाय. ऑनलाइन खात्याचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदललेला असेल आणि संगणक इंटरनेटला जोडलेला नसेल, तर त्याला अजून जुनाच पासवर्ड लागतो.

विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर फोनवरून पासवर्ड बदलता येतो. स्थानिक खात्यासाठी आधी भरून ठेवलेले सुरक्षा-प्रश्न, आधी बनवलेली रिसेट डिस्क किंवा त्याच संगणकावरचा दुसरा अ‍ॅडमिन कामी येतो. मात्र अ‍ॅडमिनने जबरदस्तीने पासवर्ड बदलला, तर त्या खात्यात साठवलेले इतर पासवर्ड आणि विंडोजच्याच सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या फाइली हातच्या जाऊ शकतात. मॅकमध्ये अ‍ॅपल खाते किंवा रिकव्हरी की (आधीच जतन करून ठेवलेली पर्यायी किल्ली) वापरतात. नव्या पासवर्डने आत गेल्यावरही जुनी कीचेन (मॅकमधली साठवलेल्या पासवर्डची पेटी) जुन्याच पासवर्डने बंद राहते.

लिनक्सवर सुरुवातीला ग्रब या प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या यादीतून रिकव्हरी मोड निवडून रूट शेलमध्ये, म्हणजे पूर्ण अधिकाराने आदेश देण्याच्या पडद्यावर, जातात आणि नवा पासवर्ड देतात. तिथे फाइलप्रणाली बहुधा केवळ वाचण्यापुरती जोडलेली असते. ती लिहिण्यायोग्य करायची राहून गेली, तर ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’ असा संदेश येतो. काही वेळा पासवर्ड बरोबर असूनही पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनच समोर येते. तिथे पासवर्ड बदलून काही साधत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुरी पडद्यावर लॉगिन करावे आणि डिस्क भरली आहे का, घरच्या फोल्डरमधल्या फाइलींची मालकी बदलली आहे का, ते पाहावे.

सर्वांत निर्णायक प्रश्न एन्क्रिप्शनचा आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर लॉगिनची भिंत फारच पातळ असते. पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू करून किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून फाइली काढून घेता येतात, आणि पासवर्डशी झगडण्याआधी हेच करावे. अर्थात चोरालाही हा मार्ग तितकाच मोकळा असतो. विंडोजचे बिटलॉकर, मॅकचे फाइलव्हॉल्ट किंवा लिनक्सचे एलयूकेएस यांपैकी डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय चालू असेल तर चित्र उलटे होते. बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते. मदरबोर्डचे फर्मवेअर (त्यातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यानंतरही ती अचानक मागितली जाऊ शकते. त्या पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांकही दिसतो. तो मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेल्या किल्ल्यांशी जुळवून योग्य किल्ली शोधावी. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, तेव्हा अनेक संस्थांची दुरुस्ती याच किल्ल्या शोधण्यापाशी अडली. पासवर्डही नाही आणि रिकव्हरी कीही नाही, अशा डिस्कवरची माहिती निर्मात्यालाही उघडून देता येत नाही. ती हमखास उघडून देण्याची जाहिरात करणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.

कार्यालयाच्या संगणकाबाबत यांतले काहीही स्वतः करू नये. तिथे पासवर्ड बदलण्याचा अधिकार अ‍ॅडमिनचा असतो.

माहितीची आशा सोडली तर सर्व पुसून प्रणाली नव्याने बसवता येते, पण तेवढ्याने यंत्र मोकळे होतेच असे नाही. अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (यंत्र मालकाच्या खात्याशी बांधणारे कुलूप) चालू असलेला मॅक पुसल्यानंतरही जुन्या मालकाचे अ‍ॅपल खाते मागतो, म्हणून पुसण्याआधी त्या खात्याचा पासवर्ड परत मिळवून ठेवावा लागतो.